थेंब मागे, गळती पुढे

जुन्या फोर बाय फोरखाली ऑइलचा डाग दिसला की पुण्यात निदान करायला माणसं कमी पडत नाहीत. सोसायटीचा वॉचमन, शेजारचे निवृत्त अभियंते, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकची काळजी वाहणारे सेक्रेटरी, सगळ्यांचं लगेच एकमत होतं: "मागचं सील गेलंय." मागचं म्हणजे क्रँकचं, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथलं. हे निदान चुकीचंच असतं असं नाही, पण सगळ्यात महागडं नक्की असतं. बहुतेक इंजिनांत त्या सीलपर्यंत पोचायचं तर दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, ट्रान्स्फर आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढा उद्योग करून गाडी घरी आली आणि डाग पुन्हा त्याच जागी पडला, तर फिटर आणि मालक यांचे संबंध कायमचे बिघडतात.

ऑइल आधी खाली ओघळतं आणि मग मागे सरकतं. रेडिएटरचा पंखा आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे लोटतात. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग वाळलं असेल, तर तिथलं ऑइल ब्लॉकवरून उतरतं, चेंबरच्या, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, कडेकडेने मागे जातं आणि इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाऊसिंगच्या तळाशी येऊन ठिबकतं. म्हणून जाणता फिटर थेंब पडतो ती जागा सगळ्यात शेवटी बघतो. त्याची नजर आधी वर आणि पुढे जाते: ओल सर्वांत उंचावर कुठे आहे, सर्वांत पुढे कुठे आहे?

पुण्यात ही जाण टिकून राहिली यात नवल नाही. खडकीला लष्कराचं 512 आर्मी बेस वर्कशॉप आहे, 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखानाही खडकीचाच. वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय. आणि आकुर्डीत फिरोदियांची बजाज टेम्पो, 2005 पासूनची फोर्स मोटर्स. या कंपनीने मर्सिडीजच्या परवान्याखाली ओएम 616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन इथे बनवलं. मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीत आलेलं, जगभरच्या टॅक्सीचालकांनी पिढ्यान् पिढ्या पिदडलेलं ते इंजिन आपल्याकडे मॅटाडोरमध्ये बसलं, ट्रॅक्समध्ये बसलं आणि नव्वदच्या दशकात गुरखातही. त्याच्या जोडीला महिंद्राची एमएम 540 आणि तिचं प्यूजोच्या परवान्याचं 2112 सीसीचं इंजिन, पुढे 2523 सीसीचं एमडीआय. ताम्हिणीच्या पावसात शनिवार-रविवारी भिजायला निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली बहुतेक यांतलंच काहीतरी असतं. मारुती जिप्सी पेट्रोलची, तिचा संसार वेगळा.

तर शोध. पहिला प्रश्न, गळतंय ते आहे काय? फोर बाय फोरच्या पोटाखाली इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल अशी पाच ठिकाणी ऑइलं असतात; वर स्टिअरिंग आणि ब्रेकची. थेंब बोटावर घेऊन चोळायचा. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीने काळंभोर झालेलं असतं. गिअरचं नव्वद नंबर जाड, चिकट आणि त्याला गंधकाचा उग्र वास. बेल हाऊसिंगमधून ठिबकणारं ऑइल नव्वद नंबरचं निघालं, तर क्रँकचं सील निर्दोष सुटलं. दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलकडे जातो.

दुसरं काम धुण्याचं. हेच काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं. वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनावर ऑइल आणि धुळीचा जो थर बसलेला असतो त्यात कालची गळती आणि दहा वर्षांपूर्वीची गळती सारखीच दिसते. डिझेल आणि ब्रश घेऊन तो खरवडायचा, कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं करायचं. मग संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर फवारायची आणि गाडी थोडी फिरवून आणायची. पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते आणि ती वरच्या टोकाला जिथे सुरू होते, तिथे दुखणं. ऑइलमध्ये रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पिवळा-हिरवा माग बघण्याची सोयही आता मिळते. पण पावडरने भागत असताना दिवा विकत घेण्याची गरज मला तरी दिसत नाही.

गळती कधी होते हेही बोलकं असतं. इंजिन चालू असतानाच भसाभस वाहते आणि बंद केलं की थांबते, तर ती दाबाच्या बाजूची: ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, कूलरचे पाइप. बोटाएवढा तो स्विच त्याच्या प्लॅस्टिकच्या मानेतून गळायला लागला की अख्खं इंजिन एका बाजूने न्हाऊन निघतं आणि खालून बघणारा म्हणतो, मागचं सील. रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा ठेवला आणि सकाळी त्यावर डाग असेल, तर चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन प्लग आधी बघावा.

आता मुख्य गोष्ट. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. हा वायू बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो, एक नळी आणि तिच्या तोंडाशी जाळी. जुन्या डिझेलमध्ये ती जाळी काळ्या चिखलाने बुजते. मग आतला दाब वाट शोधतो आणि जे पॅकिंग सर्वांत दुबळं, तिथून ऑइलसकट बाहेर पडतो. मालक ते पॅकिंग बदलतो; महिन्याभराने दुसरं गळतं. कुकरची शिटी अडकलेली असताना गॅस्केट बदलत बसण्यातला हा प्रकार.

तपासणीला पैसे लागत नाहीत. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सैल करायचं. हलका श्वास जाणवला तर ठीक. झाकण थयथय नाचलं, धुराचे लोट आले, डिपस्टिक आपोआप वर सरकली, तर आधी ब्रीदर उतरवून डिझेलमध्ये धुवायचा. ब्रीदर साफ करूनही नाच थांबला नाही तर रिंगा आणि लायनर संपलेले आहेत, काम हाफ इंजिनाचं, म्हणजे इंजिन उघडून हे भाग बदलण्याचं आहे, आणि तोवर सीलवर केलेला खर्च पाण्यात. माझं मत विचाराल तर ब्रीदरला हात न लावता गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या गॅरेजातून गाडी सरळ परत आणावी.

हे सगळं करून बोट पुन्हा मागच्या सीलवरच आलं, तर मात्र काम रंगतदार आहे. ओएम 616 च्या मूळ रचनेत तिथे रबरी रिंग नव्हतीच. ग्राफाइट लावलेल्या विणलेल्या दोरीचे दोन तुकडे, एक ब्लॉकच्या खाचेत, दुसरा खालच्या अर्ध्या भागाच्या खाचेत, आणि त्या दोहोंच्या मिठीत क्रँक फिरतो. दोरी ऑइलमध्ये भिजवून खाचेत दाबायची आणि गुळगुळीत गोल दांड्याने लाटत लाटत बसवायची. मग टोकं धारदार पात्याने कापायची, पण खाचेच्या कडेशी सपाट नाही, किंचित उंच ठेवून. खालचा भाग आवळला की दोन्ही तुकड्यांची टोकं एकमेकांत चेपली पाहिजेत. जास्त ठेवलं तर धागे सांध्यात अडकतात आणि खालचा भाग नीट बसत नाही. कमी ठेवलं तर तिथेच फट. वरचा तुकडा क्रँक न काढताही बदलता येतो: नव्या दोरीच्या टोकाला बारीक तार गुंफून एकाने खेचायची, दुसऱ्याने त्याच वेळी क्रँक हळूहळू फिरवायचा. म्हणजे दोरीचं काम चेंबर काढून खालून होतं. एकसंध रबरी सीलला गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

रबरी ओठाचं सील तसं अलीकडचं. जर्मनीत वाइनहाइमची फ्रॉयडेनबर्ग ही चामडं कमावणारी कंपनी. 1929 च्या सुमाराला तिने मोटारींसाठी चामड्याची सीलं बनवायला घेतली, कृत्रिम रबर पुढे आलं. रबराचा ओठ आणि त्याला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा जीव. उष्णतेने तो ओठ कडक होतो. आणि आश्चर्य म्हणजे एवढ्याशा रबराने वर्षानुवर्षं घासून पोलादी क्रँकवर खाच पडते. नख फिरवलं की ती लागते. खाच तशीच ठेवून नवं सील त्याच जागी ठोकलं तर ते पहिल्या दिवसापासून झिरपतं. अशा वेळी सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवायचं किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवायची.

चेंबरच्या बाबतीत रोग वेगळाच: गळतंय म्हणून प्रत्येकाने बोल्ट आणखी आवळलेले. पत्र्याची कड प्रत्येक बोल्टपाशी वर दबते, दोन बोल्टांच्या मधे फट उरते आणि कॉर्कचं पॅकिंग बाहेर निसटतं. चेंबर काढून ती कड लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीने हळूहळू सरळ करणं, हाच त्यावर उपाय. त्याऐवजी सिलिकॉन थापलं जातं. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं, की डागाच्या बदल्यात इंजिन जायची वेळ.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. काउंटरवर मॉडेलचं नाव पुरत नाही, इंजिन नंबर सांगावा लागतो आणि जुनं सील खिशात असलेलं बरं. तिथेच कोणीतरी "जाड ऑइल टाका, थांबेल" असंही सांगतो. थोडे दिवस थांबल्यासारखं वाटतंही. रबर फुगवणारी बाटलीतली औषधं तर दोरीच्या सीलवर काहीच करत नाहीत.

गिअरबॉक्स उतरलाच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील तेव्हाच बघून घ्यावं. पुन्हा कोण उतरवणार? आणि जोडताना बेल हाऊसिंगच्या तळाला झिरपलेलं ऑइल बाहेर जाण्यासाठी असलेलं छोटं भोक मोकळं आहे ना, ते तपासावं. लँड रोव्हरमध्ये त्या भोकाला आटे असतात. पाण्यातून जायच्या वेळी बूच लावायचं आणि बाहेर आलं की काढायचं. आपल्याकडे पार्किंगमधल्या तक्रारींना कंटाळून काही जण ते एम-सीलने कायमचं बुजवून टाकतात. पेव्हर ब्लॉक स्वच्छ राहतात. झिरपणारं ऑइल आत साचून क्लच प्लेटला लागतं, आणि पहिल्या मोठ्या चढावर इंजिन ओरडत राहतं पण गाडी पुढे सरकत नाही.