सॅमनची वाट पाहणारा किनारा

आपल्यापैकीं ज्या घरांतील मुलगे, मुली किंवा जांवई संगणकाच्या धंद्यानिमित्त अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या आसपास जाऊन राहिले आहेत, त्या घरांना तेथील रिमझिम पाऊस, उंच देवदार आणि रेनिअर पर्वताचें बर्फाच्छादित शिखर हीं छायाचित्रांवरून चांगलीं ओळखीचीं झालीं आहेत. परंतु तेथील लोकांना ज्याचें खरेंखुरें वेड आहे त्या गोष्टीची हकीकत मात्र घरच्या पत्रांत सहसा येत नाहीं. कारण उघड आहे. ती गोष्ट म्हणजे गळ टाकून मासे धरणें, आणि ज्या घरांत मासे शिजत नाहींत तेथें तिचा उल्लेख कोणी कशाला करील? तथापि ज्याचा आपल्या चुलीशीं संबंध नाहीं अशा विषयाचेंहि कुतूहल बाळगण्यास हरकत नसावी. शिवाय ह्या विषयांत निसर्ग, कायदा आणि इतिहास हीं तिन्ही एकमेकांत अशीं गुंतलेलीं आहेत कीं, शाकाहारी वाचकानेंहि तो एकदां समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

पॅसिफिक महासागराची एक लांब, अनेक फांटे फुटलेली खाडी वॉशिंग्टन राज्याच्या पोटांत शिरली आहे. तिला प्यूजेट साउंड म्हणतात. सिॲटल शहर तिच्या पूर्व तीरावर आहे. समोरच्या बाजूस, किट्सॅप द्वीपकल्पाच्या उत्तर टोंकाशीं, पॉइंट नो पॉइंट या चमत्कारिक नांवाची एक जागा आहे. टोंक नसलेलें टोंक, असाच त्याचा अर्थ! इ. स. १८४१ मध्यें अमेरिकन आरमारांतील चार्ल्स विल्क्स यानें ह्या खाडीची पाहणी केली, त्या वेळीं हें नांव पडलें. दुरून जेवढें पुढें आलेलें दिसतें तेवढें तें जवळ गेल्यावर राहत नाहीं. तेथें १८७९ सालीं बांधलेलें एक ठेंगणें दीपगृह आहे, वाळू आहे, आणि लाटांनीं आणून टाकलेले मोठाले ओंडके आहेत. पाहण्यासारखें एवढेंच. परंतु ह्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह टोंकाला वळसा घेऊं लागला कीं तेथें पाणी घुसळून निघतें. त्या खळबळींत हेरिंगसारखे बारीक मासे सांपडतात आणि त्यांच्या पाठोपाठ सॅमन येतो. म्हणूनच नांव, यंत्र, नावाडी यांपैकीं कांहींहि पदरीं नसलेल्या माणसाला येथें केवळ दोन पायांवर उभें राहून सॅमन धरतां येतो. गरिबाची मासेमारी ती हीच.

सॅमनचें चरित्र वाचकांना थोडेंबहुत ठाऊक असेल. तो नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां आपल्याच नदींत परततो. आपल्याकडील हिलसा हाहि समुद्रांतून नदींत चढणारा मासा आहे. मात्र हिलसा पुन्हां समुद्रांत जाऊं शकतो, तर पॅसिफिकमधील सॅमन नदींत अंडीं घालून तेथेंच देह ठेवतो. हजारों मैल भटकून तो आपली नदी ओळखतो कशी, ह्याचें उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठांतील आर्थर हॅस्लर यांनीं १९५० च्या सुमारास शोधून काढण्यास सुरुवात केली. लहानपणीं ज्या पाण्याचा वास त्याच्या नाकांत बसला तोच वास हुंगीत तो घरीं येतो.

ह्या किनाऱ्यावर सॅमनच्या पांच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. चिनूक आकारानें सर्वांत मोठा, कोहो चपळ आणि उसळी मारणारा, तर पिंक सर्वांत लहान, सामान्यतः चार पौंडांच्या आसपास वजनाचा. ह्या पिंकचें आयुष्य बरोबर दोन वर्षांचें. त्यामुळें प्यूजेट साउंडमध्यें तो मुख्यतः विषम सालींच येतो. २०२१, २०२३, २०२५ असा. सम सालीं त्याची वाट पाहणें व्यर्थ. पंचांगाप्रमाणें अधिक मास यावा तसा दर दोन वर्षांनीं ऑगस्ट महिन्यांत हा हंगाम येतो आणि त्या दिवसांत एरवीं गळाला हात न लावणारीं माणसेंहि किनाऱ्यावर दिसूं लागतात.

आतां ह्या खेळाचें खरें मर्म. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावून स्वस्थ बसावें, ही आपल्या ओळखीची रीत. येथें तसें नाहीं. येथें खाण्याजोगें असें कांहींच गळाला लावीत नाहींत. धातूचा एक रंगविलेला तुकडा दूर फेकतात आणि तो जिवंत मासा आहे असें सॅमनला भासवितात. ह्या खोट्या आमिषाचे प्रकार पुष्कळ आहेत. कांहीं चमच्याच्या आकाराचे, कांहीं हुबेहूब हेरिंगसारखे. त्यांतला एक फार प्रसिद्ध प्रकार म्हणजे कॅनडांतील व्हँकूवर बेटावर तयार होणारा बझ बाँब. हा चौकटच्या आकाराचा, मधून आरपार भोंक असलेला जड तुकडा असतो. दोरी त्या भोंकांतून ओवून खालीं रबराची लहानशी चकती आणि तिच्याखालीं गळ बांधतात. पाण्यांत पडतांना तो गरगर फिरतो, थरथरतो, आणि ती थरथर माशाला दुरून जाणवते. त्यांतली युक्ति अशी कीं मासा गळाला लागला म्हणजे हा तुकडा दोरीवरून वर सरकतो; त्यामुळें डोकें झटकून, त्याच्या वजनाच्या जोरावर, गळ उपटून टाकणें माशाला साधत नाहीं. पिंकसाठीं ह्या आमिषाचा रंगहि गुलाबीच निवडतात. कां, तें सांगणें अवघड. पण किनाऱ्यावरील जुन्या माणसांशीं त्याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

आठ ते दहा फूट लांबीची लवचिक काठी, तिच्यावर दोरीचें रीळ, आणि मनगटांत गोफण फिरविणाऱ्याचें कसब, एवढें भांडवल पुरें. दोरी बोटानें धरून काठी मागें न्यावयाची, पुढें झेप देतांना नेमक्या क्षणीं बोट सोडावयाचें. बोट लवकर सुटलें तर आमिष आभाळांत जातें, उशिरां सुटलें तर पायाशीं आपटतें. तें दूर पाण्यांत पडलें म्हणजे मनाशीं आंकडे मोजीत त्याला खालीं जाऊं द्यावें. मग काठी वर उचलावी, खालीं आणावी, सैल पडलेली दोरी गुंडाळावी, पुन्हां उचलावी. जखमी मासा असाच वर येतो आणि खालीं ढासळतो. सॅमन झडप घालतो ती बहुधा तो ढासळत असतांना, म्हणजे दोरी ढिली असतांना! म्हणून ज्याचें लक्ष काठी उचलण्याकडे असतें त्याला कांहीं लागत नाहीं. ज्याचें लक्ष पडत्या दोरीकडे असतें त्याला तो निसटता झटका कळतो. कोहोसाठीं दोरी भराभर ओढावी लागते, पिंकसाठीं सावकाश. आणि पिंकचें तोंड मऊ असल्यामुळें त्याला हिसका देऊन चालत नाहीं, गळ मांस फाडून निघतो.

एक कोडें मात्र राहतें. सॅमन नदीजवळ येतो तसतशी त्याची भूक मरते; नदींत शिरल्यावर तर तो अन्न वर्जच करतो. मग नदीच्या मुखाशींहि तो ह्या धातूवर झडप कां घालतो? जुनी संवय म्हणावी, राग म्हणावा, कीं वाटेंत आलेल्याला हुसकून लावण्याची वृत्ति म्हणावी, ह्याविषयीं मतें अनेक आहेत.

किनाऱ्यावर माणसें हातभर अंतरावर ओळीनें उभीं राहतात. पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडांत, कमरेपर्यंत रबरी पोषाख घालून, थंड पाण्यांत. कोणाला मासा लागला कीं तो ओरडून सांगतो, आणि शेजारचे लोक आपापल्या दोऱ्या मुकाट्यानें आंत ओढून घेतात. नाहीं तर वीस दोऱ्यांचा एकच गुंता व्हावयाचा. सिॲटलच्या उत्तरेस एडमंड्स गांवीं केवळ मासे धरण्यासाठीं बांधलेला धक्का आहे. तेथें पाणी फार खालीं असल्यामुळें दमलेला मासा दोरीनें वर ओढतां येत नाहीं. गोल कड्याचें जाळें दोरखंडाला बांधून खालीं सोडतात, आणि हें काम बहुधा शेजारी उभा असलेला परका माणूसच करतो.

एवढी खटपट करून धरलेला मासा घरीं नेतां येईलच असें नाहीं. सॅमनच्या पाठीवर, मोठ्या पराच्या मागें शेपटीजवळ, बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो. सरकारी आणि जमातींच्या अंडी-उबवण केंद्रांत वाढविलेल्या बहुतेक पिल्लांचा हा पर सोडण्यापूर्वीं कापलेला असतो. म्हणून चिनूक किंवा कोहो लागला कीं पहिल्यानें पाहावयाचें तें हें. पर कापलेला असेल तर मासा माणसानें वाढविलेला. नियमांत बसत असेल तर ठेवावा. पर शाबूत असेल तर तो नदीचा स्वतःचा. आणि पुष्कळ ठिकाणीं व पुष्कळ हंगामांत तो सोडून द्यावाच लागतो. म्हणूनच ह्या खाडींत उलट्या दांत्याचा गळ वापरण्यास बंदी आहे. साधा गळ सहज निघतो. जाणते लोक मासा वाळूवर ओढीत नाहींत. गुडघाभर पाण्यांतच वांकून, ओल्या हातानें गळ काढून त्याला सोडतात. सहा तास उभें राहून मिळालेला एकुलता एक मासा असा सोडतांना माणसाच्या मनाचें काय होत असेल तें वाचकांनींच कल्पावें. तेथें प्रत्येकाच्या मागें शिपाई उभा नसतो.

पॉइंट नो पॉइंटच्या वाळूला आणखीहि एक इतिहास आहे. २६ जानेवारी १८५५ रोजीं गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यानें ह्याच ठिकाणीं स्क्लालम, स्कोकोमिश व चिमाकम या मूळ रहिवाशांशीं तह करून त्यांची भूमि सरकारजमा केली. जमीन दिल्यावर आम्हीं खावें काय, असा प्रश्न त्या सभेंत स्कोकोमिश लोकांपैकीं एकानें विचारला होता. म्हणून तहांत एक कलम पडलें: आपल्या पूर्वापार जागीं, इतर नागरिकांच्या बरोबरीनें, मासे धरण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील. कागदावर तो राहिला. नदीवर मात्र त्याच लोकांना पकडून तुरुंगांत घालण्यांत येऊं लागलें. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक यांना १९४५ सालीं प्रथम अटक झाली, तेव्हां ते अवघे १४ वर्षांचे होते. पुढें कित्येक वेळां झाली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजीं न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनीं निकाल दिला कीं ‘बरोबरीनें’ याचा अर्थ धरतां येण्याजोग्या माशांपैकीं अर्धे. गोऱ्या मच्छीमारांनीं त्याविरुद्ध मोठा गहजब केला. परंतु १९७९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल मुख्यतः उचलून धरला. आज हंगाम कधीं उघडावयाचा आणि किती मासे धरावयाचे हें राज्य आणि जमाती मिळून ठरवितात. आमच्या मतें निकाल योग्यच होता. उशीर मात्र ११९ वर्षांचा झाला.

अर्धे कशाचे, हा प्रश्न अधिक कठीण आहे. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे. कोहो तर शहरांतील ओढ्यांत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, अंडीं घालण्यापूर्वींच तडफडून मरत असे. त्याचें कारण वर्षानुवर्षें उमगत नव्हतें. २०२० सालीं तेथील संशोधकांनीं तें शोधून काढलें: मोटारीच्या टायरचें रबर टिकावें म्हणून त्यांत घालतात त्या एका द्रव्याचा हवेंतील ओझोनशीं संयोग होऊन विष तयार होतें, आणि रस्त्यावर झिजून पडलेलें तें रबर पावसाबरोबर ओढ्यांत जातें. चम माशाला त्याची बाधा होत नाहीं. कोहो कांहीं तासांत मरतो. कोहो धरण्याकरितां पहाटे मोटार हांकीत किनाऱ्यावर येणारा माणूसहि ह्या विषांत आपली भर घालीत असतोच.

उलट दिशेची एक हकीकत सांगितली पाहिजे. ह्या खाडीच्या पश्चिमेस, ऑलिंपिक पर्वतांतून वाहणाऱ्या एल्वा नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन धरणें बांधलीं गेलीं आणि शंभर वर्षें सॅमनची वाट बंद झाली. २०११ ते २०१४ या काळांत तीं दोन्ही धरणें पाडण्यांत आलीं. पॉइंट नो पॉइंटच्या तहावर ज्यांच्या पूर्वजांनीं सह्या केल्या त्या एल्वा क्लालम लोकांनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत, धरणें गेल्यानंतर प्रथमच, त्या नदींत कोहो धरले. हौशी गळवाल्यांना ती नदी त्या वेळीं बंदच ठेवण्यांत आली होती.