विश्लेषण : चार वेळा वाचलेला धडा आठवडाभरात का विसरला जातो?

परीक्षा जवळ आली की धडा पुन्हा पुन्हा वाचणे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारणे हाच बहुतेक विद्यार्थ्यांचा अभ्यास असतो. मात्र मन माहिती कशी साठवते आणि कशी आठवते, याचा शोध घेणाऱ्या बोधात्मक मानसशास्त्राने या सवयीवरच प्रश्नचिन्ह लावले आहे. चाचणी हे केवळ गुण मोजण्याचे नव्हे, तर शिकण्याचेही साधन आहे, असे हे संशोधन सांगते.

प्रयोग काय होता?

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्यांना ८३ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवर घसरले, आठवणाऱ्यांचे ६१ टक्के राहिले. विशेष म्हणजे, आपल्याला चांगले आठवेल याची खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती.

असे का घडते?

वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो. पण ओळखणे आणि आठवणे यांत फरक आहे. पुस्तक मिटून उत्तर शोधताना स्मृतीला कष्ट पडतात आणि त्यातूनच ती पक्की होते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते. म्हणूनच एका रात्रीत केलेल्या अभ्यासापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते.

वर्गात हे चालते का?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका शाळेत सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गात हा प्रयोग झाला. ज्या भागावर छोट्या चाचण्या घेतल्या, तो मुलांना परीक्षेत अधिक चांगला आठवला. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या १० पद्धती तपासल्या. त्यांत सराव चाचण्या आणि अंतराने केलेला अभ्यास यांना सर्वाधिक उपयुक्त ठरवले, तर पुनर्वाचन आणि रेघा मारणे तळाशी राहिले.

मर्यादा कोणत्या?

मुळात न समजलेला धडा आठवून पाहण्यात अर्थ नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे लागतात, हे जॉन स्वेलर यांच्या ‘बोधात्मक भार’ सिद्धांतातून पुढे आले. उत्तर लगेच तपासले नाही, तर चूकच पक्की होण्याचा धोका असतो.

भारतात काय बदलू शकते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टी तपासणाऱ्या परीक्षांऐवजी शिकण्यास मदत करणाऱ्या नियमित मूल्यमापनावर भर आहे. पण प्रत्येक चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात गेले, तर परीक्षेचा धसकाच वाढेल. तासाच्या सुरुवातीला मागील आठवड्यातील तीन प्रश्न, वही मिटून उत्तरे, लगेच तपासणी आणि गुण नाहीत, एवढी तरतूद कोणत्याही शाळेला खर्चाविना करता येते.