शेळ्या-मेंढ्यांच्या खुरांची निगा

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात कपाशीची काळी जमीन विपुल आहे. पावसाळ्यात तिचा चिखल शेळ्या-मेंढ्यांच्या खुरांना घट्ट चिकटतो आणि दोन नख्यांमधील कातडी सतत ओली राहून मऊ पडते. तेथे जंतूंचा शिरकाव होऊन खूर कुजू लागतो व जनावर लंगडते. लंगडे जनावर कळपामागे राहते, पोटभर चरत नाही आणि अखेर पडेल किमतीस विकावे लागते. चार शेळ्या हेच ज्यांचे भांडवल, त्या कुटुंबास ही हानी फार मोठी होय.

खूर नखांप्रमाणे वाढतच असतात. खडकाळ माळावर ते आपोआप झिजतात. गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे मात्र वाढून आत वळतात व त्यांत शेणमाती साचते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी खूर तपासावेत आणि वाढले असल्यासच छाटावेत. पावसाळ्यापूर्वीची तपासणी चुकवू नये.

प्रथम माती खरडून काढावी. नंतर धारदार कात्रीने वाढलेली कड थोडी थोडी कापावी व तळ सपाट करावा. तळ गुलाबी दिसू लागताच थांबावे. त्यापुढे कापल्यास रक्त येते. विण्यास आलेल्या शेळीस या कामासाठी धरू नये.

कुजलेला खूर खोलवर कापण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. त्यामुळे जखम बरी होण्यास विलंब लागतो, असे आता आढळून आले आहे. असे जनावर त्वरित वेगळे करून पशुवैद्यकाकडून औषधोपचार करवावा. हत्यारे प्रत्येक जनावरानंतर जंतुनाशकाने धुवावीत.

प्रतिबंधासाठी 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात जनावरांस काही मिनिटे उभे करावे व नंतर कोरड्या जागी ठेवावे. जनावरांनी हे द्रावण पिऊ नये, म्हणून त्यांस आधी पाणी पाजावे. मोरचूद मेंढ्यांना विषारी ठरू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

खुरांबरोबर तोंडातही फोड दिसल्यास लाळ-खुरकुताचा संशय धरून पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. निरोगी खूर कसा असतो, हे शिक्षकांनी पशुपालकांच्या मुलांना दाखविल्यास रोग वेळीच ध्यानात येईल.