जलतरण तलावाचे लवणजल क्लोरिनीकरण

पाण्यात विरघळविलेल्या मिठाचे विद्युत् विच्छेदन करून जागच्या जागी क्लोरीन निर्माण करण्याच्या व त्या योगे पोहण्याच्या तलावातील पाणी निर्जंतुक ठेवण्याच्या पद्धतीला लवणजल क्लोरिनीकरण म्हणतात. विरंजक चूर्ण किंवा क्लोरीन वायूची टाकी साठविण्याचा धोका या पद्धतीत टळतो; मात्र असे पाणी क्लोरीनरहित असते, हा समज चुकीचा आहे. १९६० नंतरच्या दशकात टिटॅनियमावर रूथेनियम ऑक्साइडाचा लेप दिलेली टिकाऊ विद्युत् अग्रे उपलब्ध झाली, तेव्हा ही पद्धत व्यवहार्य ठरली.

तत्त्व : एकदिश प्रवाहामुळे धनाग्रापाशी क्लोरीन, तर ऋणाग्रापाशी हायड्रोजन व सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस अम्ल बनते व ते जंतूंचा नाश करते. कार्य संपल्यावर क्लोरिनाचे पुन्हा क्लोराइड होत असल्याने मीठ खर्ची पडत नाही. ते केवळ गाळणी धुताना, पाणी उसळल्याने किंवा तलाव भरून वाहिल्याने कमी होते [⟶ क्लोरीन].

उभारणी : पंप, गाळणी आणि शेवटी विद्युत् घट असा क्रम ठेवतात, त्यामुळे तीव्र क्लोरीनयुक्त पाणी इतर उपकरणांतून जात नाही. प्रवाह थांबताच वीज तोडणारा स्विच अत्यावश्यक असतो. अन्यथा घटात ज्वालाग्राही हायड्रोजन साचून स्फोट होऊ शकतो. यंत्रसामग्रीची खोली हवेशीर असावी व सर्व धातुभागांचे भूयोजन करावे.

मिठाचे प्रमाण दर लिटरला ३ ते ४ ग्रॅ. ठेवतात, समुद्राच्या पाण्यात ते सु. ३५ ग्रॅ. असते. १० मी. लांब, ५ मी. रुंद व सरासरी १·५ मी. खोल तलावात ७५ घ.मी. पाणी मावते व त्यास किमान २२५ किग्रॅ. मीठ लागते. दिवसाला दशलक्ष भागांस ३ भाग क्लोरीन लागतो असे धरल्यास २२५ ग्रॅ. क्लोरीन हवा, पंप ८ तास चालत असेल, तर ताशी सु. ३० ग्रॅ. क्षमतेचा घट निवडावा. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत घट बंद ठेवून पाणी फिरवीत राहावे.

पाण्याचा समतोल : मुक्त क्लोरीन दशलक्ष भागांस १ ते ३ भाग आणि पीएच मूल्य ७·२ ते ७·६ राखतात. या पद्धतीत पीएच मूल्य वाढत जाते व ८ च्या पुढे क्लोरिनाची जंतुनाशक शक्ती बरीच घटते. म्हणून वेळोवेळी विरल अम्ल घालावे लागते. अम्ल पाण्यात ओतावे, पाणी अम्लात नव्हे. तसेच अम्ल व विरंजक चूर्ण कधीही एकत्र करू नये, कारण विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. उघड्या तलावात सूर्यप्रकाशाने क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो. तो टिकविण्यासाठी सायन्युरिक अम्ल वापरतात. ऋणाग्रावर कॅल्शियमाची पुटे चढतात. ती ध्रुवता अदलाबदल करून काढतात.

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील विचार : समुद्र जवळ असला, तरी त्याचे पाणी या घटास चालत नाही. त्याच्या अधिक संवाहकतेमुळे प्रवाह मर्यादेबाहेर वाढतो व मॅग्नेशियमाची पुटे साचतात. मिठागरातील खडे मिठातही माती, कॅल्शियम व मॅग्नेशियम असल्याने शुद्ध केलेले, आयोडिनरहित मीठ घेणे श्रेयस्कर. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. त्यातील कॅल्शियमाची उणीव भरून काढली नाही, तर गिलावा झिजतो.

खरा प्रश्न पावसाचा आहे. येथे वर्षाला ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, म्हणजे १५० सेंमी. खोल तलावाच्या दुपटीइतका. उघडा तलाव भरून वाहत राहिला आणि पाणी नीट मिसळत गेले, तर मोसमाअखेर मुळातील मिठाचा सु. सातवा हिस्साच उरतो. त्यामुळे तलाव झाकणे अथवा जून ते सप्टेंबरमध्ये घट बंद ठेवून अन्य क्लोरीन द्रव्ये वापरणे व पावसाळ्यानंतर मीठ मोजून भरणे हितावह ठरते. वाहून जाणारे खारे पाणी विहीर, भातखाचर वा आंब्याच्या बागेकडे वळू देऊ नये. आंब्याच्या झाडास खारेपणा सोसत नाही.