अंदमानात स्कूबा शेवटच्या दिवशी नको

अंदमानच्या सहलीचा बेत आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच साच्यातला असतो. आधी पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी. मग बोटीने हॅवलॉक. आणि परतीच्या विमानाआधी जी सकाळ मोकळी उरते तिच्यात स्कूबा. (हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम, पण बोलण्यात जुनी नावंच जास्त आहेत.) या बेतात स्कूबा चुकीच्या जागी आहे, आणि ही चूक तब्येतीवर बेतू शकते.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटर खाली तुम्ही दुप्पट दाबाची हवा घेत असता, त्यामुळे तिच्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडतो, पण सावकाश, काही तास घेऊन. विमानाच्या केबिनमधली हवा १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दाब एवढा उतरला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, क्वचित मज्जारज्जूला इजा होते. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. सहल आखताना सरळ २४ तास धरावेत. ‘आम्ही पाच-सहा मीटरच गेलो होतो’ म्हणणाऱ्यांचा धोका कमी असतो हे खरं, पण त्यांच्यासाठी नियम वेगळा नाही. उपाय फुकटचा आहे: हॅवलॉक आधी करा, सेल्युलर जेल शेवटी ठेवा.

दुसरा गैरसमज पाठीवरच्या सिलिंडरचा. त्याला सगळे ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात, पण त्यात आपली रोजचीच हवा दाबून, गाळून, कोरडी करून भरलेली असते. तिच्यात ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर फिट येऊ शकते. हे मी एवढ्यासाठी सांगते की या गैरसमजातून लोक भलताच निष्कर्ष काढतात: ‘बाबांना थोडा दमा आहे, पण ऑक्सिजन असतोच की!’ खरं तर दम्याच्या माणसाला ती कोरडी हवा त्रास देऊ शकते, आणि वर येताना आकसलेल्या श्वासनलिकांमागे अडकलेली हवा प्रसरण पावली तर फुप्फुसाला इजा होते. डाइव्हआधी आरोग्याचा फॉर्म देतात, त्यात दमा, हृदयविकार, फिट, गर्भारपण, कानाची शस्त्रक्रिया असं सगळं विचारलेलं असतं. एका उत्तराला ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची परवानगी मागतात आणि पैसे भरून झालेले असतात, म्हणून लोक डोळे मिटून सगळीकडे ‘नाही’ करतात. कृपा करून असं करू नका. निघण्याआधी घरीच आपल्या डॉक्टरांना विचारून त्यांची सही घ्या.

पोहता येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांना मात्र मला आग्रह करायचा आहे. अनुभवासाठीच्या डाइव्हला पोहणं यावं लागत नाही. वय १० पूर्ण हवं, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, आणि प्रशिक्षक सतत सोबत असतो. एका प्रशिक्षकाकडे किती जण देता, हे मात्र आधी विचारा. नवख्याला एकास एकच हवा. पोहण्याची अट असते ती सर्टिफिकेट कोर्सला, आणि त्याला तीन-चार दिवस लागतात.

पोहण्यापेक्षा दोन गोष्टी जमायला हव्यात. एक म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच धरून वर आलात तर आतली हवा दुप्पट जागा मागते. दुसरी गोष्ट कानांची. मास्कला नाकावर मऊ रबराचा खळगा असतो. त्यावरून नाकपुड्या चिमटीत धरायच्या, तोंड मिटलेलंच, आणि हलकेच फुंकायचं. कानात ‘टक्’ झालं की काम झालं. हे दुखायला लागल्यावर नाही, डोकं पाण्याखाली गेल्यापासूनच करायचं, कारण प्रमाणात पाहिलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. तरी दुखलं तर खूण करून थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नको. गोळी घेऊन नाक मोकळं केलं आणि तिचा असर खाली ओसरला, तर वर येताना कान अडकतात.

चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारा. जाड मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपतं. आणि हेल्मेट घालून तळावर चालवतात तो ‘सी वॉक’, स्कूबा नव्हे.

आता वेळेचं. ‘मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ’ हा बेत महाराष्ट्राचा पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. मोसमी वारे अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच पोचतात, आणि पावसाळा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रेंगाळू शकतो. जानेवारी ते एप्रिल सगळ्यात भरवशाचे. शिवाय ही बेटं एवढी पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. पोर्ट ब्लेअरहून बोटीला दीड ते अडीच तास लागतात, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन डाइव्ह करणं शक्य आहे, पण सगळी धावपळ होते आणि समुद्र खवळून बोट रद्द झाली तर दिवसच हातचा जातो. हॅवलॉकला एक मुक्काम करा आणि सकाळची पहिली डाइव्ह मागा.

आणि वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा ‘मेलेलाच तर आहे’ म्हणून पिशवीत टाकू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तोही गुन्हाच आहे.