नॉर्मल आहे ना?

आपल्या घरांमध्ये काही प्रश्न ठरलेले असतात. बाळ झाल्याचा फोन आला की, "डिलिव्हरी नॉर्मल ना?" रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की, "सगळं नॉर्मल आहे ना?" मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नसेल, तर आत्या आवाज खाली आणून विचारते, "बाकी नॉर्मल आहे ना?" आणि स्थळ सांगून आलं की, "साधा मुलगा आहे, एकदम नॉर्मल." शब्द एकच. पण चारही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे का, हे कोणी कोणाला विचारत नाही.

ते विचारून पाहावं म्हणून आमच्या बडोद्याच्या मंडळातल्या तरुण गटाने यंदा एक संध्याकाळ ठेवली. बाहेरून वक्ता बोलवायचा नाही, आपल्यातल्याच चौघांनी बोलायचं, प्रत्येकी दहा मिनिटं. विषय, 'नॉर्मल म्हणजे काय?' तो मी सुचवला होता. त्याचं कारण पुढे येईलच. शेवटी सेवउसळ आहे असं व्हॉट्सअॅपवर आधीच जाहीर केल्यामुळे खुर्च्या भरल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

पहिल्या बोलल्या त्या पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या आमच्या डॉक्टर काकू. त्यांनी नाव झाकलेला एक रिपोर्ट पडद्यावर लावला आणि 'नॉर्मल रेंज'च्या रकान्यावर बोट ठेवलं. हे आकडे येतात कुठून? बऱ्याचशा चाचण्यांमध्ये पद्धत अशी असते: पुष्कळ निरोगी माणसांची तपासणी करायची, आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, मधले ९५ टक्के ठेवायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे. म्हणजे जे पाच टक्के रेंजबाहेर गेले, तेही निरोगीच होते! वीस निरोगी माणसांत एकाच्या आकड्यापुढे खूण येणार, हे त्या पद्धतीतच आहे. मी बसल्या जागी मोबाईलवर हिशोब केला. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. वाढदिवसाला आईबाबांना 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज भेट देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खूण दिसली की घाबरायचं नाही, आणि स्वतःच अर्थ लावत न बसता डॉक्टरांना दाखवायचं.

मग काकूंनी नाणं उलटं केलं. लॅबमध्ये हिमोग्लोबिन दहा आलं की बायका हसून सांगतात, "आमच्या घरात सगळ्यांचं एवढंच असतं, आमच्यासाठी हेच नॉर्मल." काकू म्हणाल्या, सगळ्यांचं असतं हे खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! पण गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की तो रक्तक्षयच. बहुसंख्य बायका दमलेल्या असतात म्हणून दमलेलं असणं चांगलं ठरत नाही.

दुसरे वक्ते फर्निचरचा कारखाना असलेले मिस्त्रीकाका. ते येताना पिशवीतून गुण्या घेऊन आले होते. 'नॉर्मल' हा शब्द ज्या लॅटिन 'नॉर्मा'वरून आला, त्याचा अर्थ सुताराचा गुण्या, हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. आम्हा इंजिनिअर मंडळींना हा अर्थ ओळखीचा आहे. वक्ररेषेला 'नॉर्मल' काढा, म्हणजे लंब काढा, हे गणित सगळ्यांनी केलेलं असतं. काका गुण्या उंच धरून म्हणाले, "म्हणजे हा शब्द मुळात आमचा आहे. तुम्ही उसना नेला आणि परत केला नाही."

त्यांचा अनुभव मजेदार होता. जुन्या वाड्यात आणि पोळांतल्या घरात कपाट बसवायला गेलं की एकही कोपरा गुण्यात सापडत नाही. शंभर वर्षांत भिंती आपापल्या सवयीने बसलेल्या असतात. "भिंतीवर चिडून उपयोग काय? ती घर उभं धरून आहे. आपण कपाटाची कड भिंतीच्या मापाने कापायची, फट राहिली तर पट्टी लावायची." मग ते क्षणभर थांबून म्हणाले, "पण दाराची चौकट मात्र गुण्यातच पाहिजे हं, नाहीतर दार लागणार नाही." माप कुठे सक्तीचं आणि कुठे जुळवून घ्यायचं, हे ओळखणं म्हणजेच कारागिरी, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या होत्या आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्या जन्मापासून डावखुऱ्या आहेत, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. लहानपणी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं की पट्टी बसायची, डाव्या हाताने घास घेतला की ताट पुढून ओढलं जायचं. फळ्यावर त्यांचं सुंदर अक्षर आम्ही पाहिलं ते उजव्या हाताचं. "सुई ओवायची आणि लिंबू पिळायचं, एवढंच माझ्या डाव्या हाताला ठेवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. आजच्या वर्गात चाळीस मुलं असतील तर चारेक डावखुरी निघतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करतो आणि सही डाव्या हाताने, हे मुलांना तोंडपाठ असतं. हात तेच आहेत, बदलली ती पट्टी.

बाई इतिहासाच्या, त्यामुळे सयाजीराव महाराज येणार हे ठरलेलंच. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींनाही. त्याआधी १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. त्या काळी मुलीने शाळेत न जाणं आणि खेळायच्या वयात बोहल्यावर चढणं, हेच घरोघरी चाललेलं होतं. बाईंनी विचारलं, "महाराजांनी आधी डोकी मोजली असती आणि बहुसंख्य लोक करतात तेच बरोबर मानलं असतं, तर आज तुमच्यापुढे मी उभी असते का?"

चौथा मी. आता विषय मी का सुचवला ते सांगतो. मी तोतरा बोलतो. पाचव्या वर्षापासून. 'क' आणि 'प' माझ्या वाटेत उभे राहतात, आणि सर्वांत कठीण जातं स्वतःचं नाव. इतर शब्दांना मी पर्यायी शब्द शोधतो, 'पाणी' अडलं तर 'जरा तहान लागलीय' म्हणतो. नावाला पर्यायी शब्द नसतो. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा बोलतो. याचा हुशारीशी संबंध नाही, आणि भित्रेपणा हे त्याचं मूळ नाही. मेंदूतून बोलण्याची जुळणी होते त्या कामाशी आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेशी ते जोडलेलं आहे. गंमत म्हणजे गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेक तोतरी माणसं अडखळत नाहीत. गणपतीच्या आरतीत मी आयुष्यात कधी अडलेलो नाही!

दहा मिनिटं मला पुरणार नाहीत, हे मी कार्यवाहांना आधीच सांगितलं होतं. "मग पंधरा घे," एवढंच ते म्हणाले आणि वेळेच्या कागदावर खाडाखोड केली. मला चौदा लागली. सभेत कोणी माझा शब्द पूर्ण करायला धावलं नाही, मोबाईलकडेही पाहिलं नाही. फोनवरच्या यंत्राला मात्र एवढा धीर नसतो. एका कंपनीच्या आवाजावर चालणाऱ्या सेवेला मी माझं नाव सांगायला लागलो की, तीन सेकंद शांतता झाली म्हणून ती "आपला आवाज आला नाही" म्हणते आणि फोन ठेवते. आमच्या व्यवसायात अशा माणसाला 'एज केस' म्हणतात, म्हणजे काठावरचा. पण ते तीन सेकंद कुणीतरी माझ्यासारख्याच इंजिनिअरने टेबलावर बसून ठरवलेले असतात, आणि तो आकडा बदलायला एक ओळ पुरते. आमच्या टीमच्या कामात असा आकडा येतो तेव्हा 'हा कोणाला धरून ठरवला?' असं मी विचारतो. सरासरी माणसाला धरून, असं उत्तर आलं की मी एक गोष्ट सांगतो.

१९५० च्या सुमाराची. अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बसायची जागा सरासरी देहाला धरून बेतायची होती. गिल्बर्ट डॅनिएल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, हात यांसारखी दहा मापं घेतली आणि प्रत्येकाला बरीच सूट देऊन पाहिलं, की दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असणारे किती. उत्तर आलं शून्य. ज्याच्यासाठी जागा बेतायची, तो माणूसच त्यांच्यात नव्हता. मग मागेपुढे सरकणाऱ्या खुर्च्या आल्या. मिस्त्रीकाका मागून म्हणाले, "पट्टी लावली म्हणा की!"

चर्चेत कॉलेजची मुलं मोकळी झाली. एक जण म्हणाला, पुण्याची मावसभावंडं हसतात, कारण आपण गच्चीला 'अगाशी' म्हणतो, झोपाळ्याला 'हिंचका' म्हणतो. "नॉर्मल मराठी बोल ना," असं ऐकून त्याने तिथे बोलणंच कमी केलं होतं. एका ताईने सांगितलं की सिझेरियननंतर तिला भेटायला आलेल्या प्रत्येकीने "अरेरे, नॉर्मल नाही का झाली?" असंच विचारलं. बाळ गोंडस होतं, आई सुखरूप होती, तरी पहिला शब्द 'अरेरे'. त्याच सर्वेक्षणात देशातलं दर पाचातलं एक बाळंतपण सिझेरियनने झाल्याची नोंद आहे.

घरी परतताना एक गोष्ट मला स्पष्ट झाली. 'नॉर्मल' या एका शब्दात आपण दोन वेगळे प्रश्न कोंबतो. पहिला, असं किती जणांचं असतं? दुसरा, यात कोणाला त्रास किंवा धोका आहे का? पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं, दुसऱ्याचं त्या माणसाकडे पाहून. रक्तक्षय पुष्कळांना असतो आणि त्रासाचा असतो. डावखुरेपण थोड्यांचं असतं आणि त्यात काहीच वाईट नाही. एका उत्तरावरून दुसरं काढलं की घोळ होतो. आपल्या मराठीत 'नेहमीचं', 'सर्वसाधारण', 'निरोगी', 'योग्य', 'स्वाभाविक' असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यातला एक निवडायला गेलं की आपल्याला नक्की काय विचारायचंय ते आपोआप उलगडतं.

मला हे दोन प्रश्न आता रोज लागतात, कारण माझी चार वर्षांची मुलगी गेल्या तीन महिन्यांपासून शब्दांवर अडखळायला लागली आहे. नातेवाईक विचारतात, "नॉर्मल आहे ना?" पहिलं उत्तर असं: या वयात शंभरातली पाच ते आठ मुलं कधी ना कधी अशी अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप सुटतं. दुसरं उत्तर: घरात कोणी तोतरं असेल, अडखळणं सहा महिन्यांच्या पुढे गेलं, किंवा बोलताना मूल चेहरा ताणू लागलं, बोलणं टाळू लागलं, तर स्पीच थेरपिस्टला दाखवावं. आमच्या घरात पहिली अट आधीच पूर्ण आहे, म्हणून सहा महिने न थांबता आम्ही तिला दाखवून आलो. थेरपिस्टने सांगितलेलं सगळ्यांच्या उपयोगाचं आहे: "सावकाश बोल", "परत म्हण" असं म्हणायचं नाही. तिचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. आपण स्वतः जरा निवांत बोलायचं आणि ती काय सांगतेय त्याकडे लक्ष द्यायचं, कसं सांगतेय त्याकडे नाही. तिचं पुढे काय होईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. ती माझ्यासारखीच बोलायला लागली, तर तिला ऐकायला थांबणारी माणसं आजूबाजूला असावीत, एवढी तजवीज मात्र आजपासून करता येते.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. विषय तुम्ही सुचवा. बोलायची इच्छा असेल तर कार्यवाहांकडे नाव द्या, आणि वेळ जास्त हवा असेल, बसून बोलायचं असेल, लिहून आणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं असेल, तर तेही नावापुढे लिहा. त्यासाठी नोंदवहीत आता एक वेगळा रकाना आखला आहे.