लियाम : आक्रमकांचे नाव, आयरिश ओळख

एकाच घरात पित्याचे नाव विल्यम आणि पुत्राचे लियाम. विल्यम कॉसग्रेव्ह यांनी १९२२ ते १९३२ या काळात आयरिश मुक्त राज्याच्या सरकारचे नेतृत्व केले. पुत्र लियाम कॉसग्रेव्ह १९७३ ते १९७७ पर्यंत आयर्लंडचे पंतप्रधान होते. वस्तुतः ही दोन्ही नावे एकच आहेत. बदलली ती केवळ भाषा. मात्र या बदलामागे एका राष्ट्राच्या अस्मितेचा इतिहास दडलेला आहे.

'लियाम' आज अस्सल आयरिश मानले जात असले, तरी त्याचे मूळ जर्मानिक भाषांत आहे. निर्धार आणि शिरस्त्राण अशा अर्थांच्या दोन शब्दांच्या संयोगातून ते सिद्ध झाले. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाचे नाव विल्यमच होते. ११६९ पासून नॉर्मन सरदार आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागले आणि त्यांच्यासमवेत हे नावही आले. आयरिश भाषेच्या पारंपरिक वर्णमालेत इंग्रजीतील 'डब्ल्यू' हे अक्षर नाही. त्यामुळे विल्यमचे 'उल्यम' झाले आणि पुढे आरंभीचा स्वर गळून 'लियाम' उरले.

इंग्रजी अमलात आयरिश भाषेची पीछेहाट झाली. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाल्यानंतर भाषेच्या पुनरुज्जीवनाला बळ मिळाले. अनेक तरुणांनी आपली इंग्रजी नावे टाकून आयरिश रूपे स्वीकारली. स्वातंत्र्यलढ्यातील लियाम मेलोज व लियाम लिंच हे दोघेही जन्मनावाने विल्यमच होते.

नावाने जोडलेली माणसे राजकारणाने मात्र दुभंगली. ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणारे मेलोज यांना डिसेंबर १९२२ मध्ये गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. तेव्हा सरकारचे प्रमुख होते कॉसग्रेव्ह, आणि त्यांच्या घरी अडीच वर्षांचा लियाम वाढत होता. पुढे एप्रिल १९२३ मध्ये लिंचही यादवी युद्धात मारले गेले.

कालांतराने या नावामागील संघर्ष विस्मृतीत गेला. १९५२ मध्ये जन्मलेल्या अभिनेते लियाम नीसन यांच्यासारख्या कलावंतांनी ते जगभर पोहोचवले. अमेरिकेत २०१७ ते २०२४ अशी सलग आठ वर्षे नवजात मुलग्यांच्या नावांत 'लियाम' अग्रस्थानी होते. आयर्लंडशी कोणतेही नाते नसलेली कुटुंबेही ते आवडीने ठेवतात. जेत्यांनी आणलेले नाव जितांनी आपलेसे केले आणि तेच आयरिश म्हणून जगाने स्वीकारले.